वाढले, पण जेवले का?

१ सप्टेंबरला राष्ट्रीय पोषण सप्ताह सुरू होतो. १९८२पासून तो दरवर्षी पाळला जातो. २०१८पासून तर सबंध सप्टेंबरच पोषण माह झाला आहे. या दिवसांत अंगणवाड्यांच्या ओट्यांवर कडधान्यांच्या रांगोळ्या निघतात, पाककृती स्पर्धांत नाचणीचे लाडू आणि शेवग्याच्या पानांचे पराठे मांडले जातात, शाळकरी मुले घोषणांच्या पाट्या घेऊन प्रभातफेरी काढतात. यात टिंगल करण्यासारखे काही नाही. गरोदर बाया आणि लहान मुले यांच्या ताटाकडे सरकारचे लक्ष जाणे हेच आपल्याकडे उशिरा घडले आहे. पण या सगळ्या धामधुमीतून एक जागा दरवर्षी सुटते: रुग्णालयाचा वॉर्ड. फार तर प्रवेशद्वाराजवळ चौरस आहाराचा एक फलक लागतो. त्याच इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर जी माणसे पडून आहेत ती काल जेवली का, किती जेवली, हा विषय सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसतो.

कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात दुपारी बाराच्या सुमाराला वॉर्डात जाऊन पाहावे. जेवणाची ट्रॉली येते. ताटे भराभर वाढली जातात: भात, वरण, दोन पोळ्या, दुधीची नाहीतर कोबीची भाजी. खिडकीजवळच्या खाटेवर खुब्याचे हाड मोडलेल्या आजी आहेत. त्यांना उठून बसता येत नाही. ताट ठेवले आहे लॉकरवर, आणि लॉकर आहे उशीच्या मागे. उजव्या हाताला सलाईन लावलेले. सून सकाळपासून रक्ताच्या रिपोर्टच्या रांगेत उभी आहे. शेजारच्या बाईंना ट्रॉली आली त्याच वेळी सोनोग्राफीला नेले. त्या परत येतील तेव्हा वरणावर साय धरलेली असेल. पलीकडे डॉक्टरांचा राउंड अजून चालूच आहे आणि राउंड चालू असताना तोंडात घास घालायचा संकोच वाटतो म्हणून तिसऱ्या खाटेवरची मुलगी ताट झाकून बसली आहे. तासाभराने मावशी ताटे उचलायला येतात. ‘आजी, काहीच खाल्लं नाही?’ असे विचारतातही, कारण त्यांना माया आहे. पण विचारणे त्यांच्या कामात धरलेले नाही आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवायला त्यांच्या हाती कागद नाही.

कागद आहे तो खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या फाइलमध्ये. त्यात ताप आहे, नाडी आहे, रक्तदाब आहे. सलाईन किती गेले आणि लघवी किती झाली हे मिलिलिटरमध्ये आहे. जेवणाबद्दल बहुधा दोनच शब्द असतात: सॉफ्ट डाएट. म्हणजे काय द्यायचे ते. त्यातले पोटात काय गेले, याला रकाना नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. रुग्णालयात अन्न शिजवण्याची जबाबदारी कुणाची तरी असते, वाढण्याची असते, त्याचे बिल मंजूर करण्याची तर असतेच असते. ते रुग्णाने खाल्ले की नाही हे पाहणे मात्र कुणाच्याच वाट्याला आलेले नाही. रुग्णालयातल्या जेवणाविषयीच्या तक्रारी आपण वर्षानुवर्षे वाचतो. वरण पातळ आहे, पोळ्या वातड आहेत, ठेकेदार खातो. त्या बहुतेक खऱ्याही असतात. पण उद्या ठेकेदार बदलला आणि वरण घट्ट झाले तरी खिडकीजवळच्या आजी उपाशीच राहणार आहेत.

हा दोष आपल्या गरिबीतून आलेला आहे असे समजायचे कारण नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धानंतर, १८५९मध्ये, शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले त्यात रुग्णाच्या खाण्यावर दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. १९७४मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरने आपल्या देशातल्या सुसज्ज रुग्णालयांविषयी एक जळजळीत लेख लिहिला. रुग्णाचे वजन आणि उंची नोंदली जात नाही, तपासण्यांसाठी जेवण चुकवले जाते, दिवसच्या दिवस नुसत्या सलाईनवर काढले जातात, आणि रुग्ण किती खातो हे कुणी पाहत नाही, हे त्याचे मुद्दे होते. पन्नास वर्षे उलटली. आपल्या वॉर्डात त्यातला एकही मुद्दा शिळा झालेला नाही. १९९४मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे दाखल झालेल्या ५०० रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यातले २०० जण येतानाच कुपोषित होते, आणि ज्यांचे वजन घरी जाताना पुन्हा घेतले त्यातल्या बहुतेकांचे आणखी घटले होते. उपचार घेऊन घरी निघालेला माणूस आला त्याहून हडकलेला.

आजारी शरीराला अन्न जास्त लागते, कमी नाही, हे आपल्याकडे अजून रुजलेले नाही. ‘पडून तर आहेत, भूक कशी लागणार’ असे म्हणून आपण समाधान करून घेतो. ६० किलो वजनाच्या धडधाकट माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. तोच माणूस शस्त्रक्रियेनंतर किंवा मोठ्या जंतुसंसर्गात पडला की गरज ७० ते ९० ग्रॅमवर जाते, कारण जखम भरायची असते, जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार व्हायच्या असतात, आणि बाहेरून मिळाले नाही तर शरीर आपलेच स्नायू मोडून खाते. मांड्या बारीक होतात, उठवत नाही. खोकल्याची ताकद गेली की कफ साठतो, पाठीला जखमा होतात, टाके लवकर धरत नाहीत. आता पुन्हा त्या ताटाकडे पाहा. दोन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भात, भाजी: सगळे संपवले तरी प्रथिने जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, पेलाभर दुधात तेवढीच किंवा थोडी जास्त. म्हणून रुग्णालयाच्या आहारयादीतले अंडे आणि दूध ज्या दिवशी वॉर्डापर्यंत पोहोचत नाही, त्या दिवशी एक औषधच चुकलेले असते.

आणि सलाईन. ‘जेवत नाहीत, पण सलाईन चालू आहे’ हे वाक्य भेटायला आलेला प्रत्येक नातेवाईक ऐकतो आणि निश्चिंत होतो. अर्धा लिटर ग्लुकोज सलाईनच्या बाटलीत, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, २५ ग्रॅम साखर असते. एका पोळीएवढी ऊर्जा. प्रथिने शून्य. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर तीही ऊर्जा नाही. सलाईनने पाणी आणि क्षार भरून निघतात, ते त्याचे काम. त्याला कुणी जेवण म्हणू नये. भेटीला येणाऱ्यांच्या हातातल्या शहाळ्याचीही तीच गत. त्यात अन्न थोडे आणि पोटॅशियम भरपूर, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते अपाय करू शकते. पण दवाखान्यात शहाळे घेऊन गेले नाही तर आपल्याकडे माणुसकी नाही असे समजतात!

उपाशी ठेवण्याचा आपला हात तर फारच सैल आहे. ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ ही शस्त्रक्रियेआधीची सूचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भूल देताना पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, हे तिचे कारण रास्तच आहे. पण भूलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय दंडक १९९९पासून सांगत आहेत की साधारण रुग्णाला हलके खाणे सहा तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. कुणाला चालत नाही ते भूलतज्ज्ञाने ठरवावे. आपल्याकडे सकाळी नऊचा रुग्ण आणि दुपारी तीनचा रुग्ण एकाच वेळी, रात्री बाराला, उपाशी बसवला जातो. तीन वाजतात. मग निरोप येतो, आज थिएटर मोकळे नाही, उद्या पाहू. तोवर स्वयंपाकघर बंद झालेले असते. संध्याकाळी साडेसहाला काय मिळेल ते खायचे आणि रात्री बारापासून पुन्हा सुरू. मधुमेही म्हातारा माणूस असे दोन-तीन दिवस काढतो आणि मग त्याची साखर का कोसळली यासाठी तपासण्या लिहून दिल्या जातात. यावरचा उपाय फुकट आहे. यादीत कोण कितव्या क्रमांकाला हे आदल्या रात्री वॉर्डाच्या सिस्टरला कळवणे, आणि पुढे ढकललेल्या रुग्णासाठी एक ताट बाजूला काढून ठेवणे.

वेळांचेही तसेच. रात्रीचे जेवण साडेसहाला आटोपायचे कारण भूक नसून पाळी आहे. स्वयंपाकघरातल्या माणसांना घरी जायचे असते. त्यांची चूक नाही. पण साडेसहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या चहा-नाश्त्यापर्यंत साडेतेरा तास होतात. मधे रात्री नऊला कपभर दूध किंवा नाचणीचे सत्त्व देणारी रुग्णालये आहेत. ती अपवाद आहेत.

चवीबद्दल बोलायचे तर रुग्णाचे जेवण म्हणजे अळणी, बेचव जेवण ही एक गूढ श्रद्धा आहे. मीठ हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, रक्तदाबाच्या रुग्णाला कमी करायचे असते. पाय मोडलेल्या पंचविशीतल्या तरुणाने काय पाप केले? लातूरकडच्या माणसाला ज्वारीची भाकरी मिळाली तर तो चार घास जास्त खाईल, मालवणकडच्याला पेजेने जिवात जीव येईल, केमोथेरपीने तोंड सोलपटलेल्या बाईला मऊ भात आणि ताकाची कढी गिळता येईल. मेतकूट-भात, कुळथाचे कढण, मुगाचे पाणी, तुपाची धार घातलेला गुरगुट्या भात: आजाऱ्याचे खाणे ही तर मराठी स्वयंपाकघराची जुनी विद्या. ती घरोघरी आहे, फक्त निविदेत नाही. निविदेत ताटामागे दर असतो आणि सर्वांत कमी दराला काम मिळते. उरलेले अन्न किती परत आले यावर ठेकेदाराचे बिल कधीच अवलंबून नसते. उलट, परत आलेली पिंपे डुकरपालनवाला घेऊन जातो, आणि रुग्णालयाच्या दफ्तरी सगळे जेवलेले असतात.

या सगळ्या व्यवस्थेला सांभाळून घेते ते नातेवाईक नावाचे बिनपगारी खाते. आपल्याकडे रुग्णाला भरवणे, चूळ भरायला लावणे, तोंड पुसणे हे सारे घरच्यांकडून गृहीत धरलेले आहे. घरून डबा येतो तोवर हे चालतेही. पण मुंबईत परळला कर्करोगाच्या उपचारासाठी नंदुरबारहून किंवा बिहारहून आलेल्या माणसाचे घर कुठे आहे? डबा कोण आणणार? सोबतचा भाऊ पदपथावर झोपतो आणि दोघे मिळून रुग्णाच्या एका ताटात जेवतात. ही गोष्ट वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे डोळेझाक करतात, कारण तिकडे पाहिले तर दुसरे ताट द्यावे लागेल. आसपासचे न्यास, गुरुद्वारे, मंडळे अन्नदान करतात म्हणून बरे. २०२०मध्ये सुरू झालेली १० रुपयांची शिवभोजन थाळी रुग्णालयांच्या दारात फार उपयोगी पडली, ती याच गरजेमुळे. बाळंतिणीच्या बाबतीत केंद्राने २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस मोफत आहाराचा हक्कच लिहून दिला. तोही पुष्कळदा सासू, नणंद आणि मोठे मूल यांच्यात वाटला जातो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपला दवाखाना गोंड गावाच्या धर्तीवर, रुग्णाबरोबर घरचे राहू शकतील अशा झोपड्यांचा बांधला. आजारी माणसाला आपल्या माणसांत राहून बरे व्हायचे असते, हे त्यांनी आधी विचारून घेतले होते. शहरातल्या रुग्णालयांत मात्र याच्या उलट तऱ्हा. भेटीची वेळ चार ते सहा आणि जेवण बाराला. बारा वाजता डबा घेऊन आलेल्या मुलीला दारावरचा सुरक्षारक्षक अडवतो. जी माणसे हवी आहेत त्यांना नेमक्या त्याच तासाला बाहेर उभे करायचे!

ब्रिटनने या प्रश्नाशी बरीच झटापट केली आहे आणि तिचे अपयशही उपयोगाचे आहे. गेल्या वीसेक वर्षांत तिथल्या सरकारी रुग्णालयांनी जेवणाचा तास राखीव ठेवायला सुरुवात केली: त्या वेळेत राउंड नाही, तपासणी नाही, रुग्णाला कुठे हलवायचे नाही. ज्याला भरवावे लागते त्याचे जेवण लाल ट्रेमध्ये द्यायचे, म्हणजे ती ट्रे कुणी न विचारता उचलणार नाही. कल्पना नामी होती. तरीही मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात रुग्णांची जी हेळसांड झाली तिच्यावरचा २०१३चा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल वाचवत नाही. हाताला पोहोचणार नाही अशा जागी ठेवलेले अन्न-पाणी हा त्यातला एक आरोप होता. नुसता तास राखीव ठेवल्याने रुग्ण जास्त खातात असे ठामपणे पुढच्या अभ्यासांतूनही दिसले नाही. कारण उघड आहे. शांतता मिळाली, पण घास उचलून तोंडाशी नेणारा हात वाढला नाही. शिवाय राखीव तासाच्या नावाखाली काही ठिकाणी नातेवाइकांनाच बाहेर काढले गेले. २०१४मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांनी तिथे चळवळ उभारली ती रुग्णापाशी थांबू द्या यासाठी. आपल्याकडे हा हात आयताच दारात उभा आहे. त्याला आत घ्यायचे आहे, हात धुवायला लावायचे आहेत आणि काय भरवायचे, किती उंच बसवून भरवायचे, ठसका लागला तर काय करायचे हे पाच मिनिटांत शिकवायचे आहे. आणि ज्याचे कुणीच नाही त्याच्यासाठी त्या तासाला एक माणूस नेमायचा आहे.

अन्नाने खरेच फरक पडतो का, असे अजूनही विचारले जाते. स्वित्झर्लंडमधल्या ८ रुग्णालयांत दोन हजारांवर रुग्णांवर झालेली चाचणी २०१९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे रुग्णालयी जेवण आणि निम्म्यांना आहारतज्ज्ञाने ठरवून, पाठपुरावा करून दिलेला आहार. बहुतेकांना तो तोंडानेच दिला होता. ३० दिवसांत पहिल्या गटात शंभरातले सुमारे १० जण दगावले, दुसऱ्यात ७. एखाद्या नव्या गोळीने एवढे साधले असते तर तिची जाहिरात आपण पाहिली असती. आपल्या देशातला पुरावा तर याहून बोलका आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या अभ्यासात २८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर महिन्याला १० किलो शिधा दिला गेला, त्यातल्या काहींच्या घरच्यांनाही धान्य-डाळ. २०२३मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी, आणि ज्या कुटुंबांना जादा धान्य मिळाले त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून मिळणारी सरकारी मदत पुढे महिना ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली.

खासगी रुग्णालयांबद्दल थोडक्यात. तिथे ताट देखणे असते, आहारतज्ज्ञ गोड बोलून अर्ज भरून जातात, मानांकनासाठी तो अर्ज लागतोच. पण बाहेरचे अन्न आणायला बंदी, आणि उचललेल्या ताटात काय उरले याची नोंद तिथेही विरळाच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णाचे जेवण पॅकेजमध्ये धरलेले असते, हे रुग्णाच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे आणि मागावे.

‘एवढ्या नोंदी कोण ठेवणार, सिस्टर आधीच कमी’ हा आक्षेप येणार. परिचारिका कमी आहेत, हे खरेच. तरी याच रुग्णालयांच्या आवारात एक खोली अशी आहे जिथे हे काम रोज होते. पोषण पुनर्वसन केंद्र. मेळघाटातले तीव्र कुपोषित मूल तिथे दाखल झाले की त्याचे रोज वजन होते. दर खेपेला किती दूध दिले, वाटीत किती उरले, किती ओकले, हे तक्त्यावर लिहिले जाते. आईलाही जेवण आणि बुडालेली मजुरी मिळते. दिले त्यातून उरलेले वजा केले की पोटात गेलेले कळते, एवढे ते सोपे गणित. जे आपण पाच वर्षांखालच्या मुलासाठी करू शकतो ते त्याच्या सत्तर वर्षांच्या आजीसाठी करायला नवे विज्ञान लागत नाही. दाखल होताना वजन घ्यावे, गेल्या काही महिन्यांत कपडे सैल झाले का एवढे विचारावे. फाइलमध्ये एक रकाना छापावा: पूर्ण, अर्धे, पाव, काही नाही. दोन वेळा ‘काही नाही’ आले की आहारतज्ज्ञाला बोलवावे आणि सकाळच्या राउंडमध्ये तापाच्या आधी तो रकाना वाचावा. ठेकेदाराच्या बिलाला परत आलेल्या अन्नाचे वजन जोडावे. आहारतज्ज्ञांची पदे मोजकी आहेत, ती वाढवावी लागतील. त्याला पैसे लागतील. बाकी कशालाही फारसे लागणार नाहीत.

व्हिएन्नातून चालणाऱ्या एका उपक्रमात २००६पासून दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी जगभरच्या अनेक रुग्णालयांत कोण किती जेवले याची मोजणी होते. आपल्या राज्यातही अशी एक दुपार निवडता येईल. सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि महापालिका यांनी मिळून या सप्ताहात, ७ सप्टेंबरच्या आत, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात एका जेवणाची गेलेली ताटे आणि परत आलेले अन्न तोलावे, आणि ते आकडे रुग्णालयाच्या नावासकट जाहीर करावेत. रांगोळी त्यानंतर काढली तरी चालेल.